समूहप्रमुखांना उठू द्या

आज शुक्रवार, वीस फेब्रुवारी दोन हजार सव्वीस. सकाळी नळाला पाणी आलं, ते भरलं. डबा केला. अंबडच्या पोस्टात गेले, शिक्क्यातली तारीख बदलली, जेवणाच्या सुट्टीपर्यंत काउंटर सांभाळला आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून वडीगोद्रीच्या गाडीनं कॉलेजच्या फाट्यावर उतरले. गेटवर माझ्या नवऱ्याच्या फोटोचा फ्लेक्स होता. त्याच्या एका बाजूला ‘हार्दिक निरोप’ आणि दुसऱ्या बाजूला ‘फेरनियुक्तीबद्दल हार्दिक अभिनंदन’ असं छापलेलं आहे. फोटो आधार कार्डावरचा आहे.

तारखेनं सुरुवात केली म्हणून हसू नका. मी पोस्टात काम करते, आमच्याकडे तारखेशिवाय काहीच सुरू होत नाही. आता रीतीप्रमाणे.

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शिक्षण संस्थेचेही अध्यक्ष आदरणीय अण्णासाहेब, प्राचार्य डॉ. रामप्रसाद जिगे सर, विद्यार्थी सेवा नेतृत्व समूहाचे सहप्रमुख प्रा. सोमेश्वर तौर सर, दुसरे सहप्रमुख प्रा. कल्याण राऊत सर, समूहाची विद्यार्थी सदस्य कुमारी आकांक्षा, सर्व प्राध्यापक, ऑफिसचे कर्मचारी, पुंजाराम मामा, विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो. आणि पत्रिकेत नाव छापलंय, मंचावर खुर्चीही मांडलीय म्हणून, पंधरा मिनिटांपूर्वीपर्यंत समूहप्रमुख असलेले प्रा. देवानंद हिवराळे सर. सर्वांना जय भीम, सर्वांना नमस्कार.

लग्नानंतर मी यांना कधी नावानं हाक मारली नाही. आज माईकवरून, पदासकट मारली. त्यांनी काही म्हटलं नाही. असते तरी म्हटलं नसतं.

मी बेबीनंदा हिवराळे, यांची पत्नी. मला भाषणाची सवय नाही. दिवसभरात माझी वाक्यं तीनच असतात. सुटे द्या, इथं सही करा आणि सर्व्हरला लिंक नाही. तेव्हा अडखळले तर लिंक गेली असं समजावं.

बाहेरगावचे पाहुणे आलेत. त्यांना मंचाच्या मधोमध ती लाल खुर्ची दिसत असेल. पाठीवर पांढरा टॉवेल, समोर पाण्याची बाटली, नावाची पाटी. त्यांना वाटत असेल, माणूस जरा बाहेर गेला असेल, येईल. तसं नाही. माणूस गेल्या जुलैत गेला. रविवार होता, घरीच होते, हृदयविकाराचा झटका आला. ऑगस्टमध्ये त्यांची समूहप्रमुख म्हणून नेमणूक झाली. क्रम सांगताना माझी चूक झालेली नाही. आधी गेले, मग नेमणूक झाली.

हे कसं झालं, ते इथं बसलेल्या पुष्कळांना माहीत आहे. पण माहीत असणं वेगळं आणि कुणीतरी उभं राहून ते सलग सांगणं वेगळं. सलग सांगितल्यावर ते कसं ऐकू येतं, हे मलाही आज पहिल्यांदाच कळणार आहे.

सर भूगोल शिकवायचे. पण त्यांच्या भूगोलात सगळ्यांची घरं होती. एसटीचा पास अडला, शिष्यवृत्तीचं पोर्टल बंद पडलं, वसतिगृहात भाजीवरून भांडण झालं, एखादी पोरगी परीक्षेच्या आदल्या दिवशी लग्नाला उभी केली, तर लोक म्हणायचे, हिवराळे सरांना सांग. या सगळ्या कामाचं एवढंच नाव होतं. ते गेल्यावर कॉलेजला समजलं की याला विद्यार्थी सेवा म्हणतात आणि त्यासाठी नेतृत्व समूह लागतो.

समूह स्थापन करायची बैठक ऑगस्टमध्ये झाली. मी तिथं नव्हते, पण पुंजाराम मामा चहा घेऊन तिथंच होते. आणि मामांनी एकदा ऐकलेलं सगळ्या तालुक्याला ऐकू येतं, हे मामांसमोरच सांगते.

बाकीचे सदस्य झटपट ठरले. प्रमुख कोण, इथं गाडी अडली. अण्णासाहेब घड्याळ बघत म्हणाले, “जल्दी बोला. मला मोंढ्यात आडतीवर जायचंय.”

सोमेश्वर सर म्हणाले, “सेवाज्येष्ठता बघा ना, अण्णासाहेब. मी कल्याणच्या आधी रुजू झालो.”

कल्याण सर म्हणाले, “एकाच गाडीनं आल्तो आपण! एकाच सीटवर. मस्टर तुमच्या हातात आधी पडलं, एवढंच.”

“मंग तेच ना! सही आधी कुणाची?”

“पेन माझा होता, सर.”

यावर बराच वेळ गेला. मामा चहाचे कप ठेवता ठेवता सहज म्हणाले, “हिवराळे सर असते तर हे भांडणच न्हवतं.”

अण्णासाहेब वैतागून उठले आणि म्हणाले, “मंग त्यांनाच करा!”

आता आपल्या संस्थेत एक पद्धत आहे. अण्णासाहेब जे बोलतात ते जिगे सर लिहून घेतात, आणि जिगे सर जे लिहून घेतात तो ठराव होतो. मागं एकदा अण्णासाहेब म्हणाले होते, “इथं काय म्हशी बांधायच्या का?” त्यानंतर ग्रंथालयामागं एक गोठा उभा राहिला, तो आजही आहे. तेव्हा हेही लिहून घेतलं गेलं. सूचक सोमेश्वर सर, अनुमोदक कल्याण सर. दोघांचं एकमत झालेला तो पहिला ठराव. दोघांनाही एवढंच हवं होतं की दुसरा होऊ नये. कुणाची हरकत आहे का, असं जिगे सरांनी विचारलं. हरकत घेणारा एकच माणूस निघाला असता, तो हजर नव्हता.

अण्णासाहेब, तुम्ही मान हलवताय. जिगे सर, कृपा करून हे हलवणं लिहून घेऊ नका.

त्याच आठवड्यात आमच्याकडे पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. भंतेजी अनित्यतेवर बोलत होते. जे जे उत्पन्न झालं ते नष्ट होणार, असं ते सांगत असताना जिगे सर हार आणि एक पाकीट घेऊन आले. हार त्यांनी फोटोला घातला, पाकीट माझ्या हातात दिलं. आत नेमणुकीचा आदेश होता. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, ‘आपण रुजू झाल्याचा दिनांक उलट टपाली कळवावा.’

माझी मुलगी प्रीती शेजारी बसली होती. तिनं वाचलं आणि मला हळूच म्हणाली, “आई, पप्पांना प्रमोशन मिळालं.” आणि ती हसली. वडील गेल्यापासून पहिल्यांदाच. हसता हसताच रडायला लागली, मग बायकांनी तिला आत नेलं. मी पाकीट फोटोमागं ठेवलं. मला राग आला नाही. खरं सांगायचं तर बरं वाटलं. ते नसले तरी कुठंतरी त्यांचं काम आहे, खुर्ची आहे, वाट पाहिली जातेय. त्या दिवसांत एवढं पुरलं मला.

मग बैठका सुरू झाल्या. प्रमुखांना बैठकीची सूचना स्पीड पोस्टानं गेली पाहिजे, असा नियम आहे. पत्ता आमच्या घरचा. घर आमच्याच पोस्टाच्या हद्दीत. वाटपाला नागसेन पोस्टमन. तो पाकीट घेऊन माझ्या काउंटरजवळ येऊन उभा राहायचा.

“ताई, काय करू याचं?”

“नियम काय आहे?”

“पत्ताधारक मयत. शेरा मारून परत धाडायचं.”

“मग धाड.”

“तुमच्या म्होरं कसा शेरा मारू, ताई? हात होईना.”

मग मी पाठ फिरवून तिकिटांचं कपाट आवरायचे. तो लिहायचा. लिहून झालं की खोकायचा. मी पुन्हा तोंड इकडं करायचे. दर बैठकीआधी हे असं.

इकडं कॉलेजात ते परत आलेलं पाकीट आवकच्या नोंदवहीत चढायचं. शेरा, ‘समूहप्रमुखांकडून उत्तर प्राप्त.’ शिवाय लागोपाठच्या बैठकांना न कळवता गैरहजर राहिलं तर पद जातं. ते जाऊ नये म्हणून प्रत्येक बैठकीचा पहिला विषय ठरला, समूहप्रमुखांची रजा मंजूर करणे. कारण, वैयक्तिक. माझ्या हयातीत मी इतक्या सहज मंजूर झालेल्या रजा पाहिल्या नाहीत.

खुर्चीला टॉवेल आला तो असाच. प्राचार्यांच्या खुर्चीला आहे, मग प्रमुखांच्या का नको? सरांनी जन्मात कधी टॉवेलच्या खुर्चीत बैठक मारली नाही. त्यांच्या खिशात रुमाल असायचा, त्यानं ते फाट्यावरचा कट्टा पुसायचे आणि पोरांना म्हणायचे, बसा. बैठकीत त्यांच्यासमोर चहा ठेवला जातो. तो गार झाला की पुंजाराम मामा पितात. मामा म्हणतात, “साहेबाचा चहा फेकू कसा?” बराबर आहे. मध्ये मूल्यांकनाला बाहेरून पाहुणे आले, त्यांनी खुर्चीला नमस्कार केला आणि जाताना म्हणाले, नेतृत्व अत्यंत विनम्र आहे. विद्यार्थ्यांचे अभिप्राय मागवले, तेव्हाही सर पहिले आले. एकानं कारण लिहिलं होतं, ‘खोलीत गेलं तर हाकलत न्हाईत.’

हसा. मीही हसले होते.

पण मित्रहो, खुर्ची बोलत नाही, ही अडचण पुढं आली. गॅदरिंग मैदानात घ्यायचं की हॉलमध्ये, यावर मतं समसमान पडली. निर्णायक मत प्रमुखांचं. सोमेश्वर सर म्हणाले, सर गप्प आहेत म्हणजे त्यांना मान्य आहे. कल्याण सर म्हणाले, “कसं मान्य? नाराज असले की सर गप्प बसायचे. मी त्यांच्यासंगं डबा खाल्लाय एवढी वर्षं.”

दोघंही खरं बोलत होते. मग मला जिगे सरांचा फोन आला. काउंटरवर पेन्शनवाल्यांची रांग होती.

“वहिनी, एक विचारायचं होतं. सर गप्प आहेत.”

“हो.”

“हे गप्प बसणं होकाराचं समजायचं की नकाराचं?”

मी म्हटलं, “विचारून सांगते.”

तोंडातून निघून गेलं. आयुष्यभराची सवय. रांगेतल्या आजोबांनी विचारलं, “कोणाला विचारता बाई?” मी त्यांचं पासबुक पुढं ओढलं आणि म्हटलं, इथं सही करा.

इथवर सगळं सोसण्यासारखं होतं. आता जे सांगते त्यासाठी मी आज आले आहे.

दाराजवळ उभी आहे ती आकांक्षा वडीगोद्रीची. विज्ञान शाखेची. तिच्यासारख्या त्या बाजूच्या पुष्कळ मुली इथं येतात. संध्याकाळी प्रॅक्टिकल सुटलं की मागून येणारी गाडी त्यांना मिळायची. ती त्यांना मिळायची म्हणजे आपोआप मिळत नव्हती. वेळापत्रक बदललं की सर डेपोत जाऊन बसायचे. भांडायचे नाहीत, बसायचे. शेवटी डेपोतलेच लोक कंटाळून म्हणायचे, सर, किती वाजता पाहिजे ते सांगा आणि घरी जा. गेल्या दिवाळीनंतर वेळ पुन्हा बदलली. आता गाडी प्रॅक्टिकल सुटायच्या आत फाट्यावरून निघून जाते. मुली काळ्या-पिवळ्या जीपची वाट पाहतात. जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरते तोवर अंधार पडतो. काहींनी प्रॅक्टिकल अर्धं सोडून पळायला सुरुवात केली. काहींच्या घरी लग्नाची बोलणी सुरू झाली.

आकांक्षानं हा विषय समूहात मांडला. ठराव झाला. पुढच्या बैठकीत पुन्हा झाला, त्याच्या पुढच्या बैठकीतही झाला. डेपोला पत्र टाइप करून तयार आहे. त्यावर समूहप्रमुखांची सही पाहिजे. सोमेश्वर सर सही करत नाहीत, कारण कल्याण सर म्हणतील, हे कधी प्रमुख झाले? कल्याण सर करत नाहीत, त्यांचंही कारण तेच. जिगे सर करत नाहीत, कारण समूह स्वायत्त आहे. पत्र कुठं आहे? त्या खुर्चीसमोर आहे, पाण्याच्या बाटलीखाली. इथून दिसतंय.

मागच्या पंधरवड्यात आकांक्षा पोस्टात आली. मला वाटलं, फॉर्म पाठवायचा असेल. रांग संपेपर्यंत बाजूला उभी राहिली.

“काकू, एक विचारू का? राग येणार न्हाई ना?”

“विचार.”

“सरांची सही असलेला एखादा कोरा कागद घरी हाय का?”

मी शिक्का खाली ठेवला.

ती म्हणाली, “पप्पा म्हणून राह्यले, गाडी न्हाई तर कॉलेज न्हाई. या महिन्यापुरतं बघतो म्हणले. मंग मामाच्या गावाला पाठवतील. काकू, तिकडं कॉलेजच न्हाई.”

एवढं बोलून ती ओशाळली. म्हणाली, “जाऊ द्या, मी येड्यासारखं विचारलं.”

वेड्यासारखं तिनं विचारलं का? तुम्हीच सांगा. सहा महिने आपण सगळे जे करतोय, त्याच्यापुढं तिचा प्रश्न फार शहाणपणाचा होता. आपल्यात एकटीच ती धरून चालली होती की सर आता सही करणार नाहीत.

मी ठरवलं की जिगे सरांशी बोलायचं. तर त्याच संध्याकाळी ते स्वतःच घरी आले. चेहरा उतरलेला. पाणी प्यायले आणि म्हणाले, “वहिनी, एक तांत्रिक अडचण आली.”

मला वाटलं, लक्षात आलं वाटतं.

सर म्हणाले, “हिवराळे सर या महिन्यात साठ पूर्ण करून राह्यले.”

साठीनंतर पदावर राहता येत नाही. मयत असणं ही अडचण नव्हती, वय झालं ही अडचण होती. पण ऑफिसनं मार्गही शोधला होता. आधी रीतसर निरोप द्यायचा, म्हणजे निवृत्ती झाली. मग मुदतवाढ देऊन फेरनियुक्ती करायची. पत्रिका तुमच्या हातात आहे. दोन ते तीन, निरोप समारंभ. तीन ते साडेतीन, चहापान. साडेतीनला, फेरनियुक्तीचं पत्र त्यांच्या वतीनं त्यांच्या पत्नी स्वीकारतील.

निरोप छान झाला. सगळे चांगलं बोलले. शाल खुर्चीवर पांघरली. नारळ खुर्चीवर ठेवला, तो घरंगळत माईकपर्यंत आला. सोमेश्वर सर म्हणाले, सरांनी सत्कार नम्रपणे नाकारला. कल्याण सर म्हणाले, सरांनी नारळ सगळ्यांत वाटायला दिला. मग चहापान झालं. आत्ता साडेतीन वाजत आलेत. म्हणजे निरोप झालाय आणि फेरनियुक्ती व्हायचीय. या घडीला माझे पती कुणाचेही प्रमुख नाहीत. सहा महिन्यांत पहिल्यांदा मोकळे आहेत. म्हणून मी बोलायला हीच वेळ मागून घेतली. जिगे सर म्हणाले होते, आभारप्रदर्शनाच्या वेळी बोला. तेव्हा उशीर झाला असता.

जिगे सर, पत्र तुमच्या हातात आहे. ते मी घेणार नाही.

तुम्ही सगळ्यांनी हे प्रेमानं केलं, यात मला शंका नाही. या जिल्ह्यात किती माणसं गेली, कुणाच्या मागं कॉलेजनं खुर्ची ठेवली? पण मला एक सांगायचंय. माझं माणूस एकदा गेलं. ते मला एकदाच सोसू द्या. दर बैठकीला त्यांचं बोलावणं येतं, दर बैठकीला मी पाठ फिरवते, आणि दर वेळी ते नव्यानं जातात. मला घरी त्यांचा फोन बंद करता येत नाही, कारण समूहाच्या ग्रुपवर ते सदस्य आहेत. त्यांचा शर्ट कुणाला देता येत नाही, कारण माणूस रजेवर आहे.

आज मी पाठ फिरवणार नाही. नागसेन तिथं मागं बसलाय, त्यालाही ऐकू जाईल असं सांगते. या पाकिटावरचा शेरा मी मारते. पत्ताधारक मयत.

झालं. एवढंच होतं.

आता तो गॅदरिंगच्या वेळचा प्रश्न राहिला, त्यांचं गप्प बसणं होकाराचं की नकाराचं. मी ‘विचारून सांगते’ म्हटलं होतं, ते उत्तर द्यायचं राहून गेलं. आमच्या घरात दोघंही कमी बोलणारे. मी काही सुचवलं आणि त्यांना पटलं नाही, तर ते गप्प बसून राहायचे. त्याच जागी. अर्धा अर्धा तास. त्यावरून मी समजायचे की नाही म्हणतायत. आणि पटलं तर? तरीही बोलायचे नाहीत. उठायचे. चपला घालायचे आणि त्या कामाला निघून जायचे. परत आल्यावर मला कळायचं की झालं.

तेव्हा सोमेश्वर भाऊजी, कल्याण भाऊजी, तुम्ही दोघं सहा महिने त्या खुर्चीकडं बघताय आणि सर काय म्हणतायत ते ओळखताय. नीट बघा. सर तिथं बसलेले आहेत का? नाहीत. उठून गेलेत. यांना गाडीचं पत्र केव्हाच मान्य होतं. तुम्हीच बसून राहिलात.

मी कोण सांगणारी, पण विनंती करते. तुम्ही दोघं पहिल्या दिवशी एका गाडीनं, एका सीटवर आला होतात. उद्या सकाळी पुन्हा तसेच एका गाडीनं अंबडच्या डेपोत जा. पत्रावर दोघांनी सह्या करा. आधी कुणी करायची त्यावरून वाद नको, मी पोस्टातून दोन पेनं आणलीयत. दोघांनी एकदम करा. आणि तिथं जाऊन बसा. ते कंटाळेपर्यंत बसा. सोबत आकांक्षाला न्या, वेळ तिला माहीत आहे. नवीन प्रमुख कोण, ते नंतर भांडून ठरवा, पण जिवंतांपैकी ठरवा.

काय म्हणालात, अण्णासाहेब?

“जा ना मंग! कोण धरलंय तुम्हाला?”

जिगे सर, हे मात्र लिहून घ्या. शब्द न् शब्द लिहा. सूचक हिवराळे बाई म्हणून माझं नाव घातलं तरी चालेल.

टाळ्या नकोत. आकांक्षा, तू थांबू नकोस, तुझं प्रॅक्टिकल आहे.

आता आवरते. सरांवर तुम्ही जेवढी माया केली, तेवढी फार थोड्यांच्या वाट्याला येते, त्याबद्दल मी आणि प्रीती तुमच्या कायम ऋणात आहोत. अण्णासाहेबांचे आभार, कारण आज ते मोंढ्यात गेले नाहीत. जिगे सरांचे आभार, कारण नियम मोडायला नको म्हणून त्यांनी माझ्या माणसाला मरू दिलं नाही, एवढं कुणी करत नाही. मामांचे आभार, त्यांनी चहा वाया जाऊ दिला नाही. माझ्या बोलण्यात कुणाला काही लागलं असेल, मोठ्यांपुढं तोंड सुटलं असेल, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर घरच्या बाईचं बोलणं म्हणून पोटात घाला. इतकं एका दमात मी पूर्वी कधी बोललेले नाही, पुढंही बोलेन असं वाटत नाही.

मामा, तुम्ही उठू नका. कुणीच उठू नका. शालीची आणि टॉवेलची मी घडी करते. पाण्याची बाटली इथं टेबलावर ठेवते. खुर्ची प्लास्टिकची आहे, तिकडं भिंतीशी बाकीच्या खुर्च्या रचल्यात, त्यांच्यावर ही ठेवते आणि मग खाली जाऊन बसते. हलकी आहे. माझ्या एकटीनं उचलते.